नव्या संगणकावर जुन्या मराठी फायली वाचता येत नाहीत आणि प्रोग्राम सुरू होत नाहीत: कारणे आणि उपाय

जुन्या संगणकावरील सगळे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतले, नव्या संगणकावर उतरवले, फायलींची संख्याही जुळली. तरी फाइल उघडल्यावर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे, परकी स्वरचिन्हे आणि विरामचिन्हे यांची सरमिसळ दिसते, आणि ज्या प्रोग्रामात ती फाइल तयार झाली तो प्रोग्राम, त्याचे संपूर्ण फोल्डर आणूनही, सुरू होत नाही. छापखाने, डीटीपीची कामे करणारे, शाळांची कार्यालये, पतसंस्था, ग्रंथालये अशा ठिकाणी संगणक बदलला की ही तक्रार हमखास येते. सध्या ती अधिक ऐकू येते, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षा-चिप) तसेच ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर लागत असल्यामुळे अनेकांना चालू स्थितीतला संगणकही बदलावा लागत आहे. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांचा मजकूर एकाच फेरीत हलवला जातो.

अशा बहुतेक प्रकरणांत फाइल बिघडलेली नसते, हे सर्वप्रथम लक्षात घ्यावे. ती जशीच्या तशी आलेली असते. ज्याच्या आधाराने ती वाचली जात होती ते मात्र जुन्या संगणकातच राहिलेले असते. म्हणून निदान होईपर्यंत तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. विचित्र दिसणारी फाइल ‘सेव्ह’ करू नये. त्यातला मजकूर निवडून त्याला दुसरा फॉन्ट लावू नये. आणि जुना संगणक एक्सचेंजमध्ये देऊ नये किंवा त्याची डिस्क फॉरमॅट करू नये. संस्थेची जुनी इतिवृत्ते आणि स्मरणिका ‘फाइल करप्ट झाली’ असे समजून पुसल्या जातात, तेव्हा होणारे नुकसान कायमचे असते, आणि ते अनावश्यक असते याचे अधिक वाईट वाटते.

मराठी मजकूर वाचता न येणे

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठराविक क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फॉन्टांत टंकला जात असे, त्यांत देवनागरीला स्वतःचे स्थान नव्हते. श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या संचांतील फॉन्ट रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवत असत. अशा फॉन्टात २५६ पेक्षा अधिक स्थाने नसल्यामुळे पूर्ण अक्षरांऐवजी अर्धी अक्षरे, काना, वेलांट्या, रफार असे सुटे भाग ठेवून त्यांची जुळणी केली जाई. म्हणजे फाइलीत प्रत्यक्षात साठवलेली असतात ती रोमन चिन्हे, आणि त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की विंडोज दुसरा कोणता तरी फॉन्ट वापरते आणि आतली रोमन चिन्हे उघडी पडतात.

म्हणून पहिले काम म्हणजे फॉन्टचे नेमके नाव शोधणे. वर्डमध्ये अशी फाइल उघडून मजकुरात कर्सर ठेवल्यास वरच्या फॉन्टच्या चौकटीत मूळ नाव दिसते. तो फॉन्ट संगणकात नसला तरी दिसते. वर्डच्या ‘ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ विभागात ‘फॉन्ट सब्स्टिट्यूशन’ नावाचे बटण आहे. तेथे त्या फाइलीत वापरलेले पण संगणकात नसलेले सर्व फॉन्ट आणि त्यांच्या जागी काय वापरले जात आहे याची यादी मिळते. पेजमेकर आणि कोरल ड्रॉ हे पानांच्या आणि चित्रांच्या मांडणीचे प्रोग्राम फाइल उघडतानाच न सापडलेल्या फॉन्टांची सूचना देतात आणि त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट तात्पुरता घ्यायचा की कायमचा, हे विचारतात. येथे नेहमी ‘तात्पुरता’ हाच पर्याय निवडावा. ‘कायमचा’ निवडून फाइल सेव्ह केली की मूळ फॉन्टचे नाव फाइलीतून जाते, आणि मग कोणत्या संचाने तो मजकूर वाचायचा हे ओळखणे फार कठीण होते.

नाव नेमके हवे, ‘श्रीलिपीचा कुठला तरी’ एवढ्याने भागत नाही. ‘श्री-देव-०७०८’ आणि ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ या दोन्हींत मराठीच दिसते, पण कोणत्या चिन्हाच्या जागी कोणता आकार आहे याची मांडणी दोन्हींत वेगळी आहे. एकाच संस्थेच्या एकाच वर्षाच्या फायलींतही दोन संचांचे फॉन्ट आढळतात, कारण मुखपृष्ठ एकाने केलेले असते आणि आतली पाने दुसऱ्याने.

फॉन्ट सापडले की ते आणणे सोपे आहे. जुन्या संगणकाच्या सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरात ‘फॉन्ट्स’ नावाचे फोल्डर असते. फाइल एक्सप्लोरर हे फोल्डर वेगळ्या पद्धतीने दाखवतो, म्हणजे फायलींच्या नावांऐवजी फॉन्टांची नावे दाखवतो. त्यामुळे कोणती फाइल कोणत्या फॉन्टची हे ओळखताना गोंधळ होतो. कमांड प्रॉम्प्टवरून ते संपूर्ण फोल्डर एका साध्या फोल्डरात कॉपी करून घेणे अधिक सुरक्षित. नव्या संगणकावर हवा तो फॉन्ट बसवताना त्यावर उजवे क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ हा पर्याय घ्यावा. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून साधे ‘इन्स्टॉल’ म्हटल्यास फॉन्ट केवळ त्या वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरात जातो, आणि काही जुन्या प्रोग्रामांना तो तेथे दिसत नाही. फॉन्ट बसवला, वर्डमध्ये दिसतो, पण पेजमेकरमध्ये दिसत नाही, या तक्रारीत हीच गोष्ट आधी तपासावी. हे फॉन्ट विकत घेतलेल्या संचाचा भाग असतात, त्यामुळे मूळ सीडी आणि परवाना हाताशी असल्यास तेथूनच ते बसवणे योग्य.

जुन्या संचांतील काही फॉन्ट ट्रू टाइप नसून पोस्टस्क्रिप्ट टाइप १ या प्रकारचे असतात. त्यांच्या फायलींची नावे पीएफबी आणि पीएफएम या अक्षरांनी संपतात. ॲडोबी कंपनीने जानेवारी २०२३ पासून आपल्या नव्या आवृत्त्यांत या प्रकाराचा आधार काढून टाकला आहे. त्यामुळे तिच्या इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्रामाच्या नव्या आवृत्तीत हे फॉन्ट दिसणार नाहीत, कितीही वेळा बसवले तरी. त्यासाठी त्याच संचाची ट्रू टाइप किंवा ओपन टाइप आवृत्ती निर्मात्याकडून मिळवावी लागते.

फॉन्ट बसवल्याने मजकूर वाचता येतो, टंकता येतो असे नाही. टंकण्यासाठी त्या संचाचा स्वतंत्र कीबोर्ड प्रोग्राम लागतो. तो बसवलेला नसताना अशा फाइलीत किरकोळ दुरुस्ती करू पाहिल्यास वर्डची आपोआप दुरुस्तीची सोय वाक्याचे पहिले अक्षर मोठे करते, साधी अवतरणचिन्हे वळणदार करते, आणि या प्रत्येक बदलाबरोबर एखादे मराठी अक्षर दुसरेच होते. दुरुस्ती करायचीच असेल तर ‘ऑटो करेक्ट’मधील हे पर्याय आधी बंद करावेत.

आता एक वेगळा प्रकार, जो वरवर सारखाच वाटतो. फाइल युनिकोडमध्येच आहे, मजकूर वाचताही येतो, पण ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, तक्ते पुढच्या पानावर जातात आणि ४० पानांचा अहवाल ४३ पानांचा होतो. बहुतेक वेळा मूळ फाइल ‘मंगल’ फॉन्टात असते. विंडोज १० पासून मंगल, कोकिला, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्ट आपोआप येत नाहीत. त्यांच्याऐवजी ‘निर्मला यूआय’ वापरला जातो आणि त्याची मापे वेगळी आहेत. सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ जोडल्यावर पाने पूर्ववत होतात.

युनिकोडमध्ये रूपांतर करावे का

करावे, पण घाईने नव्हे, आणि मूळ फाइल कधीही पुसू नये. जुने फॉन्ट आज चालतात म्हणून पुढेही चालतीलच असे नाही, शिवाय अशा मजकुरात मराठी शब्द शोधता येत नाही आणि तो मोबाइलवर वाचता येत नाही. रूपांतर करणारी साधने अनेक आहेत. त्यांना मूळ फॉन्टचे नाव अचूक सांगितले तरच ती उपयोगी पडतात.

रूपांतर सुरू करण्यापूर्वी, जुना संगणक चालू असेपर्यंतच, महत्त्वाच्या फायलींच्या पीडीएफ प्रती तेथूनच काढून ठेवाव्यात आणि त्यांत फॉन्ट अंतर्भूत झाले आहेत याची खात्री करावी. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर तो पुन्हा रोमन सरमिसळच येईल, पण डोळ्यांना पान मूळ रूपात दिसेल आणि रूपांतरित मजकूर कशाशी ताडून पाहायचा, हा प्रश्न राहणार नाही. ही पायरी वगळली जाते आणि नंतर तिची फार उणीव भासते.

चुका ठराविक जागी होतात, त्यामुळे तपासणीही तेथेच आधी करावी. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, कारण ती डाव्या बाजूला दिसते; युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे याच्या उलट आहे. जोडाक्षरावर वेलांटी, रफार किंवा दोन्ही असतील तेथे साधने अडखळतात; ‘निश्चिती’, ‘वार्षिक’, ‘कार्यकर्त्यांनी’, ‘आर्थिक’ हे शब्द शोधून पाहावेत. ‘शेतकऱ्यांना’, ‘अधिकाऱ्यांची’ यांतील रकार हिंदीसाठी बनवलेल्या साधनांत हमखास चुकतो. सर्वाधिक काळजी आकड्यांची घ्यावी. तारखा, दूरध्वनी क्रमांक आणि रकमा यांतील चिन्हे काही मांडण्यांत अक्षरांच्या जागा वापरतात, आणि चुकलेला आकडा चुकलेल्या शब्दासारखा नजरेत भरत नाही. मजकुरात मधूनमधून इंग्रजी शब्द असतील तर केवळ साधा मजकूर चिकटवून रूपांतर करू नये. साधनाला तो इंग्रजी शब्दही मराठीच वाटतो. फॉन्टनुसार भाग ओळखणारे, म्हणजे संपूर्ण वर्ड फाइल घेणारे साधन वापरावे.

ज्यांचा हात टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर बसला आहे त्यांच्यासाठी रूपांतरानंतर टंकण्याची पद्धत बदलते. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण कीबोर्ड असतोच, आणि २०१९ पासून उच्चारानुसारी मराठी कीबोर्डही आहे. कार्यालयातील टंकलेखकाला नवी मांडणी शिकायला वेळ द्यावा. संगणक बदलला त्याच दिवशी पूर्वीच्या वेगाची अपेक्षा करणे न्याय्य नाही.

प्रोग्रामचे फोल्डर आणूनही तो सुरू न होणे

प्रोग्राम बसवताना तो स्वतःच्या फोल्डराबाहेरही बऱ्याच गोष्टी ठेवतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत नोंदवहीत, नोंदी होतात, काही सामाईक फायली सिस्टिमच्या फोल्डरांत जातात, परवाना त्या यंत्राच्या ओळखीशी बांधला जातो. ‘प्रोग्राम फाइल्स’मधून फोल्डर उचलून आणल्यावर यांपैकी काहीच येत नाही, म्हणून एखादी डीएलएल फाइल सापडत नाही असा संदेश येतो, किंवा काहीच घडत नाही. उपाय एकच: मूळ सीडीवरून किंवा निर्मात्याच्या संकेतस्थळावरून तो प्रोग्राम नव्याने बसवणे आणि त्यानंतर केवळ त्याचा डेटा आणणे. विंडोज ७ मध्ये असलेली ‘इझी ट्रान्सफर’ ही सोय फायली व मांडण्या हलवत असे, प्रोग्राम नव्हे. आणि विंडोज १० पासून तीही राहिली नाही.

परवान्याचा विचार जुना संगणक चालू असतानाच करावा. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रामात जुन्या यंत्रावरील परवाना आधी परत करून मग नव्यावर कार्यान्वित करावा लागतो. संगणकाबरोबर आलेले मायक्रोसॉफ्ट ऑफिस सामान्यतः त्या यंत्रापुरतेच असते. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या आवृत्त्या डोंगल, म्हणजे परवान्याची खूण असलेले संगणकाला जोडायचे लहान उपकरण, मागतात. तो यूएसबीचा असेल तर त्याचा नवा ड्रायव्हर मिळू शकतो, पण जाड पॅरलल पोर्टचा असेल तर नव्या संगणकाला तसा पोर्टच नसतो, आणि प्रिंटरसाठी मिळणारी पॅरलल-यूएसबी केबल डोंगलसाठी सहसा चालत नाही. अशा वेळी निर्मात्याकडे जुना डोंगल देऊन नव्या आवृत्तीची चौकशी करणे हाच सरळ मार्ग आहे. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनमधील प्रमाणपत्र कॉपी करता येत नाही. टोकन नव्या संगणकाला लावून त्याचा ड्रायव्हर बसवला की काम होते.

विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये येते आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत. गंमत अशी नव्हे, अडचण अशी की काही जुन्या ३२ बिट प्रोग्रामांचाही बसवणारा भाग १६ बिटचा असतो, त्यामुळे मुख्य प्रोग्राम चालण्याजोगा असूनही बसवता येत नाही. ३२ बिट प्रोग्रामसाठी ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कंपॅटिबिलिटी’ टॅबवर जुन्या विंडोजची निवड करून पाहावी. त्याने जमले नाही तर व्हर्च्युअल बॉक्ससारख्या आभासी यंत्रात, परवाना असलेली जुनी ३२ बिट विंडोज बसवून तेथे तो चालवावा. मात्र त्या आभासी यंत्राला इंटरनेट देऊ नये.

पेजमेकरबद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण मराठी छपाईचा मोठा साठा त्यात अडकलेला आहे. २००१ मध्ये आलेली ७.० ही त्याची शेवटची आवृत्ती. त्याच्या फायली उघडू शकणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती सीएस ६ होती. त्यापुढची कोणतीही आवृत्ती त्या उघडत नाही. ज्यांच्याकडे सीएस ६ किंवा चालू पेजमेकर आहे, त्यांनी तो संगणक मोडीत काढण्यापूर्वी सर्व फायली रूपांतरित कराव्यात, पीडीएफ काढावी आणि मजकूर आरटीएफमध्ये वेगळा घ्यावा. पेजमेकर चित्रे पूर्ण मार्गासह, म्हणजे ड्राइव्ह आणि फोल्डरांच्या नावांसह, लक्षात ठेवतो. जुन्या संगणकावर चित्रे डी ड्राइव्हवर होती आणि नव्या लॅपटॉपला फक्त सी ड्राइव्ह असेल, तर प्रत्येक चित्र पुन्हा शोधून द्यावे लागते. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये सी ड्राइव्ह लहान करून डी ड्राइव्ह तयार केला आणि फोल्डरांची रचना जुन्यासारखीच ठेवली, तर हा सगळा त्रास वाचतो.

डेटा आणला, पण जुना दिसतो

प्रोग्राम नीट बसला, त्याच्या फोल्डरातील डेटाही आणला, पण नोंदी काही वर्षांपूर्वीच्याच दिसतात, असे घडल्यास ‘व्हर्च्युअलस्टोअर’ तपासावे. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज जुन्या प्रोग्रामांना ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू देत नाही; त्यांचे लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या फोल्डरातील ॲपडेटा, त्यातील लोकल आणि त्यातील व्हर्च्युअलस्टोअर येथे वळवते. प्रोग्रामला याचा पत्ता नसतो आणि वापरणाऱ्यालाही नसतो. ॲपडेटा हे फोल्डर लपवलेले असल्यामुळे ‘हिडन आयटम्स’ दाखवण्याचा पर्याय चालू केल्याशिवाय ते दिसत नाही. ग्रंथालयांच्या आणि दवाखान्यांच्या लहान, स्थानिक प्रोग्रामरकडून करून घेतलेल्या प्रोग्रामांचा खरा डेटा बरेचदा तेथेच सापडतो.

टॅलीचा डेटा कोठे आहे हे अंदाजाने ठरवू नये; कंपनी निवडण्याच्या पडद्यावर त्याचा मार्ग लिहिलेला असतो. तेथील अंकांच्या नावाची सर्व फोल्डरे घ्यावीत, आणि नव्या आवृत्तीत उघडण्यापूर्वी एक प्रत बाजूला ठेवावी. आउटलुकच्या मेलसाठी पीएसटी फाइल घ्यावी, आउटलुक बंद करून. ओएसटी फाइल आणण्यात अर्थ नाही, ती सर्व्हरवरून पुन्हा तयार होते. क्रोमचे प्रोफाइल फोल्डर कॉपी केल्यास बुकमार्क येतील, पण साठवलेले पासवर्ड येणार नाहीत, कारण ते जुन्या विंडोज वापरकर्त्याच्या ओळखीने कुलूपबंद असतात. ते जुन्या संगणकावरून निर्यात करावे लागतात, आणि निर्यात झालेली फाइल साध्या मजकुराची असल्यामुळे काम होताच पुसावी.

कॉपी करताना येणारे अडथळे

चार जीबीपेक्षा मोठी फाइल पेन ड्राइव्हवर जात नसेल तर तो फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. एक्सफॅट किंवा एनटीएफएस वापरावे. ‘मार्ग फार लांब आहे’ असा संदेश आल्यास पूर्ण मार्गाची २६० चिन्हांची मर्यादा ओलांडली गेली आहे. मराठी नावांची फोल्डरे असतील तर ही मर्यादा लवकर येते, कारण ‘क्षेत्र’ हा डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसणारा शब्द संगणकाच्या हिशेबी ७ चिन्हांचा आहे. जुनी डिस्क जोडल्यावर फोल्डर उघडण्यास नकार मिळाल्यास त्याच्या ‘सिक्युरिटी’ टॅबवरून मालकी स्वतःकडे घ्यावी. डिस्कच कुलूपबंद दिसली तर बिटलॉकर ही विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू आहे असे समजावे. त्याची ४८ अंकी किल्ली डिस्क काढण्यापूर्वीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्यायला हवी. आणि वनड्राइव्हमधील ज्या फायलींवर ढगाचे चिन्ह आहे त्या डिस्कवर नसतातच, त्या आधी उतरवून घ्याव्यात.

मोठ्या साठ्यासाठी माउसने ओढून कॉपी करण्यापेक्षा विंडोजमधील रोबोकॉपी वापरावी, कारण ती लांब मार्ग हाताळते आणि न आलेल्या फायलींची नोंद ठेवते. तिच्या पुनःप्रयत्नांची संख्या मात्र कमी करून घ्यावी. न सांगितल्यास ती अडलेल्या प्रत्येक फाइलीसाठी १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करते. मिरर हा पर्याय टाळावा, तो स्वीकारणाऱ्या डिस्कवरील अधिकच्या फायली पुसतो. शेवटी दोन्हीकडच्या फोल्डरांची संख्या, फायलींची संख्या आणि ‘साइज’ बाइटपर्यंत ताडून पाहावा. ‘साइज ऑन डिस्क’ वेगळा असणे स्वाभाविक आहे.

जुनी डिस्क किमान एक पूर्ण वर्ष ठेवावी. वार्षिक अहवाल, ३१ मार्चचा ताळेबंद, दिवाळी अंकाचा साचा अशा गोष्टी वर्षातून एकदाच उघडल्या जातात आणि काय राहून गेले ते तेव्हाच कळते. डिस्कवर चिठ्ठी लावून त्यावर कोणती विंडोज होती, वापरकर्त्याचे नाव काय होते आणि कोणते मराठी संच बसवलेले होते एवढे लिहावे; पासवर्ड आणि बिटलॉकरची किल्ली मात्र स्वतंत्र ठिकाणी ठेवावी. महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत, वापरलेल्या फॉन्टांसह, निराळ्या डिस्कवर आणि शक्यतो निराळ्या इमारतीत असावी.